साडूच्या मापाची सायकल

"भाऊजींनी सायकल घेतली आणि बघता बघता पोट सपाट झालं हो त्यांचं!" शर्टाला काजं करता करता बायको म्हणाली.

मशीनवरचा मास्तरांचा पाय जागच्या जागी थांबला. सुईखालची कॉलर तिरकी गेली.

"दातांच्या डॉक्टरला सायकल कशाला लागते?" मास्तर म्हणाले. "पेशंटच्या तोंडात चालवायची आहे का?"

"तुम्हाला ना, कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

हे मात्र खोटं होतं. मास्तरांना साऱ्या जगाचं चांगलं झालेलं बघवत होतं. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकान वाढवलं तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन त्याची पाठ थोपटली होती. बघवत नव्हतं ते फक्त एका माणसाचं, आणि तो माणूस नेमका त्यांचा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा दातांचा डॉक्टर होता, उंचापुरा होता, हळू आवाजात बोलायचा, बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवायचा आणि जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः विसळायचा. यातला एकेक गुण मास्तरांनी वेगवेगळ्या माणसांत खपवून घेतला असता. पण सगळे एकाच ठिकाणी, आणि तेही रोज बायकोच्या तोंडून ऐकायचे, म्हणजे जरा फारच झालं. आयुष्यात एकदा तरी तिने आपल्याकडे बघून मनापासून 'वा!' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते काही पुरं होत नव्हतं.

तसे मास्तर साधेसुधे टेलर नव्हते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत नुसत्या नजरेने ते त्याची कंबर सांगत. टेप लावायची ती केवळ समोरच्याच्या समाधानासाठी. कपडा अंगावर घालून बघायची भानगड त्यांच्या दुकानात नव्हतीच. "माझं माप चुकलं तर दुकानाला कुलूप लावीन," असं ते ऐटीत सांगत आणि लोकांना ते पटलेलंही होतं.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र मुद्दाम चुकत असे. साडूच्या पँटी घरचा माणूस म्हणून तेच शिवत, आणि प्रत्येक नवी पँट आधीच्यापेक्षा किंचित आखूड निघे. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जो काही राग होता तो ते कात्रीने काढत. उंच माणूस आखूड पँटीत बावळट दिसतो, निदान दिसायला हवा, असा त्यांचा अंदाज होता. झालं भलतंच. डॉक्टरांचे घोटे उघडे पडायला लागले तसे लोक विचारू लागले, ही नवी फॅशन कुठे शिवली? दवाखान्यातला कंपाउंडर तर 'डॉक्टरांसारखीच' पाहिजे म्हणून कापड घेऊन मास्तरांच्याच दुकानात आला. एव्हाना साडूची पँट पायापेक्षा पुरती दोन इंच आखूड झाली होती आणि साडू तिच्यात पूर्वीपेक्षा देखणा दिसत होता. मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात आता ही सायकल.

दुसऱ्याच दिवशी मास्तर बायकोला घेऊन सायकलच्या दुकानात हजर झाले. दुकानाची मालकीण धिप्पाड होती, आवाज खणखणीत होता, आणि सगळे तिला सायकलबाई म्हणत.

"आमच्या डॉक्टरांनी नेली तशीच पाहिजे," मास्तर म्हणाले. "तोच हिरवा रंग, तेच सगळं."

"देते की. माप द्या." सायकलबाईंनी खिशातून टेप काढली.

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "कसलं माप?"

"पायाचं. आतल्या बाजूने, वरपासून टाचेपर्यंत. त्यावरून सायकलचा सांगाडा ठरतो. सायकल म्हणजे छत्री नव्हे, कुणाचीही कुणी उघडून डोक्यावर धरायला."

"आम्ही मापं घेतो, देत नाही."

"अगं बाई! तुमचे डॉक्टर पण असेच. त्यांनीही घेऊ दिलं नाही. म्हणाले, ही पँट माझ्या साडूने शिवलीय, हिचीच आतली लांबी मोजा. मी म्हटलं, अहो, घोटा उघडा राहतोय. तर म्हणाले, दिसत असेल तसा, पण माझा साडू मापात चुकायचा नाही."

मास्तरांना पोटात गुदगुल्या झाल्या. म्हणजे डॉक्टर दोन इंच लहान सायकल चालवत होते, तेही खुशीने! आपल्या कात्रीचा हात एवढा लांब पोचेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की आपली सायकल साडूच्या सायकलीपेक्षा मोठी असावी. चांगली दोन इंच मोठी. साडूच्या पायाचं खरं माप त्यांना तोंडपाठ होतं.

"लिहून घ्या," मास्तर छाती काढून म्हणाले. "चौतीस इंच."

सायकलबाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. मग तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा पायांकडे. "मास्तर, हे पाय तुमचेच ना?"

"दिसतात आखूड. कापडाची करामत आहे."

"अहो, पण तुमच्या पायजम्याला मी दुमड घालते तेव्हा तर..." बायकोने तोंड उघडलं.

"तू काजांचं बघ," मास्तर म्हणाले.

"हे बघा, सांगायचं काम माझं," सायकलबाई म्हणाल्या. "मोठ्या सांगाड्यात नुसती उंची वाढत नाही. सीटपासून हँडल लांब जातं. हात ताणले की अंगाचं वजन भलत्या ठिकाणी पडतं, आणि मग सायकल तुमचं ऐकत नाही. नंतर माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

"टेलरला मापं शिकवता का?" मास्तर हसून म्हणाले. बायको शेजारी नसती तर ते कदाचित हसले नसते.

सायकल आली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की तिच्या आडव्या नळीवरून पाय टाकून उभं राहायचं, तर टाचा हवेत राहतात. त्यांनी यावर लगेच तोड काढली. चढायचं ते दुकानाच्या पायरीवरून. उतरायचं कसं, हे मात्र पहिल्या चौकात पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. समोर दिवा लाल झाला, मास्तरांनी ब्रेक दाबला, पाय खाली टाकला आणि खाली जमीन नव्हती. नशिबाने दिव्याचा खांब होता. मास्तरांनी त्याला कडकडून मिठी मारली.

त्यानंतर आठवडाभरात रस्त्यावरचे सगळे खांब, कठडे आणि उंच ओटे त्यांना तोंडपाठ झाले. जिथे धरायला काही नाही अशा ठिकाणी त्यांचं काम असलं तरी ते पुढे जाऊन खांब गाठत आणि चालत मागे येत. पोस्टमनने एकदा काळजीने बायकोला विचारलं, "मास्तरांना चक्कर वगैरे येते का हो? काल खांबाला धरून उभे होते."

"भाऊजींना नाही बाई खांब लागत," बायको संध्याकाळी म्हणाली.

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते सायकलबाईंसमोर उभे राहिले. "तशी छानच आहे. जराशी सैल वाटते. बाजूने थोडी दाबून द्या."

"मास्तर, सायकलीला बाजूची शिलाई नसते."

तरी बाईंनी जमेल ते केलं. सीट होईल तेवढी खाली घेतली आणि होईल तेवढी पुढे सरकवली. हँडल हाताशी आलं खरं, पण सगळा भार तळहातांवर पडायला लागला. दुकानात बसल्यावर बोटांना मुंग्या यायच्या आणि कात्री रेघ सोडून भलतीकडे जायची. मास्तर पुन्हा गेले. या वेळी बाईंनी सांगाड्यापासून हँडल पुढे धरणारा दांडा बदलून अगदी आखूड दांडा घातला. हातांना बरं वाटलं. पण आता हँडल इतकं उतावळं झालं की मनात यायचा अवकाश, सायकल वळलेली असायची. मास्तरांनी उजवीकडे नुसती मान फिरवली तरी ती उजवीकडे जायची. एकदा त्यांना शिंक आली आणि सायकल सरळ चष्मेवाल्याच्या दुकानात शिरली.

"या, या मास्तर," चष्मेवाला म्हणाला. "नंबर वाढलाय वाटतं?"

तिकडे डॉक्टरांचंही काही ठीक चाललेलं नव्हतं. एके दिवशी ते दुकानावरून जाताना थांबले. त्या लहान सायकलीवर ते असे दुमडून बसले होते की गुडघे कोपरांना लागत होते.

"मास्तर, एक विचारू? वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. दोनदा पडता पडता वाचलो."

"असं होतं कधी कधी," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"माझीच पावलं मोठी असणार. माप तर तुमचं आहे. त्यात चूक निघायचा प्रश्नच नाही."

एखाद्याला या बोलण्याने लाज वाटली असती. मास्तरांनाही ती वाटण्याच्या बेतात होती. पण तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "भाऊजी कसे पुढे वाकून बसतात, अगदी शर्यतीतल्या माणसासारखे! किती शोभून दिसतं!" आणि मास्तरांची लाज आल्या पावली परत गेली.

सायकलबाई दर रविवारी सकाळी आपल्या गिऱ्हाइकांची एक फेरी काढत. दुकानापासून निघायचं, तळ्याला वळसा घालायचा, परत यायचं आणि दुकानासमोर ठेवलेल्या पिंपाभोवती वळून थांबायचं. डॉक्टर दर रविवारी जायचे. त्या रविवारी मास्तरही निघाले, कारण दोघी बहिणी बघायला येणार होत्या. साडू सगळ्यांसमोर पिंपाला वळताना अडखळेल आणि आपण त्याच्या शेजारून झोकात पुढे जाऊ, असा मास्तरांचा बेत होता. बायको बघत असताना एवढं एक झालं की झालं.

फेरी तशी निर्विघ्न पार पडली. मास्तरांनी शिंक दाबून धरली, मान सरळ ठेवली आणि तळ्याकाठच्या एकाही बदकाकडे बघितलं नाही. दुकान दिसायला लागलं. पायरीवर दोघी बहिणी उभ्या होत्या. पुढे डॉक्टर होते, त्यांच्या मागे मास्तर. डॉक्टर पिंपाला वळायला लागले, आणि त्यांच्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागून सायकल जागीच अडली.

मास्तरांना थांबणं भाग होतं. थांबायचं तर धरायला काहीतरी हवं होतं. खांब जवळपास नव्हता. समोर फक्त एकच उंच वस्तू होती, आणि मास्तरांनी सवयीने तिला कडकडून मिठी मारली.

डॉक्टर, मास्तर आणि दोन सायकली एकत्रच आडव्या झाल्या. पडता पडता डॉक्टरांचा हात दुकानासमोर ओळीने लावलेल्या सायकलींतल्या पहिलीला लागला. ती दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि शेवटची सायकल आडवी होईपर्यंत सगळे नुसते बघत राहिले.

"अगं बाई, भाऊजी! लागलं का हो?" बायको ओरडली.

आपण साडूच्या खाली सापडलोय, आणि तरीही चौकशी साडूची! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते तिरमिरीत उठले, हाताला आली ती हिरवी सायकल उचलली आणि कुणाशी एक शब्द न बोलता टांग मारून निघाले. "मास्तर, थांबा हो!" म्हणत डॉक्टर उरलेल्या हिरव्या सायकलीवर बसून त्यांच्या मागे निघाले.

रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्यावर मास्तरांचा राग उतरला आणि त्यांच्या ध्यानात आलं की काहीतरी वेगळं घडतंय. तळहात दुखत नव्हते. हँडल हाकेला ओ देत होतं, पण आगाऊपणा करत नव्हतं. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, पाय खाली टाकला, आणि पाय जमिनीला टेकला! मास्तर पोरासारखे खूश झाले. त्यांनी तिथल्या तिथे एक सुबक वळण घेतलं आणि ताठ मानेने परत निघाले. समोरून डॉक्टर आले. तेही पाय मोकळे सोडून आरामात चालवत होते. दोघे शेजारी शेजारी दुकानासमोर आले, पिंपाला एकामागून एक अलगद वळले आणि थांबले.

"वा!" बायको म्हणाली. "अहो, काय सुरेख चालवलीत!"

ती मास्तरांकडे बघून म्हणाली होती. मास्तरांनी खात्री करून घेतली. इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर पडला होता आणि सकाळच्या उन्हात तो त्यांना चांगलाच मानवला. मग त्यांची नजर हँडलवर गेली. हँडलवर डॉक्टरांनी हौसेने बसवून घेतलेली पितळी घंटी होती.

"थांबा! दोघांनीही उतरू नका!" सायकलबाई पाना टाकून पुढे आल्या. त्यांनी दोघांभोवती एक फेरी मारली. "आत्ता कुठे ही माणसं आपापल्या सायकलीवर बसली. मास्तर, तुम्ही डॉक्टरांच्या सायकलीवर आहात आणि डॉक्टर तुमच्या. हे कसं झालं? टेप आणा रे कुणीतरी!"

मास्तरांचं धाबं दणाणलं. "टेप कशाला? छान चाललंय की! अशाच घरी नेऊ. डॉक्टर, माझी सायकल तुम्ही ठेवून घ्या."

"छे, छे," डॉक्टर म्हणाले. "लोक म्हणतील, मास्तरांच्या मापात चूक निघाली. ते मी खपवून घेणार नाही. मोजाच तुम्ही बाई, सगळ्यांसमोर मोजा."

बाईंनी मोजलं. डॉक्टरांचा पाय चौतीस इंच भरला. मग बाईंनी डॉक्टरांच्या पँटीला टेप लावली. ती बत्तीस भरली. फेरीला आलेले सगळे भोवती जमले होते आणि त्यातली निम्मी मास्तरांची गिऱ्हाइकं होती.

"दोन इंच," बाई म्हणाल्या. "तुमच्या टेलरने दोन इंच खाल्ले, डॉक्टर."

मग डॉक्टर आपल्या हळू आवाजात म्हणाले, "असू दे हो. माणूस आहे. वय होतं, नजर मंदावते. एखाद्या वेळी घसरते टेप."

"एखाद्या वेळी कुठली भाऊजी!" बायको कळवळून म्हणाली. "दर पँटीला होतं. तळाची दुमड मीच घालते, मला दिसत नाही का? ताईला मी कधीच सांगून ठेवलंय, ह्यांचा हात पहिल्यासारखा राहिला नाही, तेवढं सांभाळून घ्या."

"म्हणून तर आम्ही गप्प होतो," ताई म्हणाली. "म्हटलं, मास्तरांचं मन दुखायला नको."

मास्तर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. सुटकेचा रस्ता समोर मोकळा होता. फक्त मान हलवायची आणि म्हणायचं, हो, हल्ली नीट दिसत नाही. सगळं झाकलं गेलं असतं. पण तेवढ्यात गर्दीतल्या एका गिऱ्हाइकाने हळूच खाली वाकून स्वतःच्या पँटीची लांबी चाचपून पाहिली.

"चूक?" मास्तर कडाडले. "माझ्या टेपची चूक? अहो, मुद्दाम केलं मी! दर वेळी मोजून कापलं! जराजरासं, बेमालूम! चुकून असं कुणाला जमेल का? आणा बघू दुसरा टेलर!"

"मुद्दाम?" डॉक्टर चकित होऊन म्हणाले. "पण का?"

"का म्हणजे? सकाळी भाऊजी, दुपारी भाऊजी, जेवताना भाऊजी! भाऊजींचं पोट, भाऊजींचं ताट! हिच्या तोंडून माझं कौतुक कधी ऐकलंत? जळतो मी तुमच्यावर! लग्नाच्या दिवसापासून जळतो!"

एवढं बोलून मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता बायको काय बोलेल ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. बायको पायरी उतरून खाली आली.

"माझ्यावरून?" तिने विचारलं.

"मग काय चष्मेवाल्यावरून?"

"इतकी वर्षं?"

"हो."

"मला वाटायचं," बायको म्हणाली, "मी बोलते ते मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकूच येत नाही." तिचा चेहरा लाल झाला होता, पण तो राग नव्हता. मास्तरांनी एक डोळा उघडून बघितलं आणि मग दुसराही उघडला. बायकोने त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली आणि हात तिथेच त्यांच्या खांद्यावर राहू दिला.

ताई हे सगळं बघत होती. ती हळूहळू आपल्या नवऱ्याकडे वळली.

"बघितलंत? बायकोपायी माणूस स्वतःचा धंदा पणाला लावतो. आणि तुम्ही? मी माझ्या गाण्याच्या सरांचं एवढं तोंड भरून कौतुक केलं, तर तुम्ही काय म्हणालात? वा, छान, त्यांना चहाला बोलाव! माझ्यासाठी कधी कुणावर जळलात का?"

"मी? म्हणजे, तसा प्रसंग..." डॉक्टर म्हणेपर्यंत ताई तरातरा घराच्या दिशेने चालायला लागली.

डॉक्टर आणि मास्तर सायकली हातात धरून मागून निघाले. मास्तरांची बायको त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून चालली होती आणि मधूनमधून आपणहून हसत होती. शेवटी डॉक्टर मास्तरांच्या कानाशी वाकले.

"मास्तर, खरं सांगा. हे जळायचं कसं असतं? मला काही जमेल असं वाटत नाही."

मास्तरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांचे कान लाल झाले होते, जबडा आवळला होता, आणि त्यांची नजर मास्तरांच्या खांद्यावर ठेवलेल्या बायकोच्या हातावरून हलत नव्हती.

"जमलंय की तुम्हाला," मास्तर म्हणाले, आणि रमतगमत चालायला लागले.